बर्फावरची जोडी : ल्युदमिला पाखोमोवा
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील एक भाषण)



आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहीजणींना नवल वाटले असेल. बर्फावरचे नृत्य ही आपल्याकडची गोष्ट नव्हे. आपल्याकडे बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर मासळीबाजारातल्या टोपलीत. त्यावर उभे राहून कोणी नाचते ही कल्पनाच आपल्याला दूरची वाटते. परंतु ज्या स्त्रीविषयी मी बोलणार आहे तिची कथा मात्र इतकी दूरची नाही. आपल्या कामासाठी जोडीदार कोण हवा हे तिने स्वतः ठरविले, जाणत्यांनी तो निर्णय चुकीचा ठरविला, आणि तिने दहा वर्षे खपून आपला निर्णय खरा करून दाखविला. तिचे नाव ल्युदमिला पाखोमोवा. जिचे यश आपलेसे वाटते तिला आपण एकेरीतच हाक मारतो. म्हणून मीही तिला ल्युदमिला असेच म्हणणार आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगते. पायांत उंच बूट असतात आणि बुटांच्या तळाला पोलादी पाते बसविलेले असते. हे पाते जेमतेम चार मिलिमीटर रुंद. त्याच्या तळाला मधोमध पन्हळीसारखी उथळ खाच असते. त्यामुळे एका पात्याला दोन कडा येतात, एक आतली आणि एक बाहेरची. सगळे कौशल्य या दोन कडांवर आहे. बाहेरच्या कडेवर अंग झुकविले की एक वळण, आतल्या कडेवर झुकविले की दुसरे. दोन्ही कडा एकदम टेकल्या तर पाऊल सपाट पडते, आणि पंच तेवढे गुण कापतात.

बर्फावर जोडीने खेळण्याचे दोन प्रकार आहेत. एकात पुरुष जोडीदारणीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. दोघेही उंच उड्या घेतात. दुसरा प्रकार नृत्याचा. त्यात डोक्यावर उचलणे नाही, फेकणे नाही, हवेत गिरक्या घेणाऱ्या मोठ्या उड्या नाहीत. दोघांनी एकमेकांच्या जवळ राहून, संगीताच्या तालावर, पावलांनीच सारे बोलायचे. आपण मंगळागौरीला फुगडी घालतो, ती आठवावी. दोघी मागे झुकलेल्या असतात आणि दोघींचे वजन एकमेकींच्या हातांत असते. एकीने जरा हात सैल सोडला की दोघी पडल्या. बर्फावरच्या नृत्यात ही फुगडी चार मिनिटे चालते, धावत चालते, आणि चेहऱ्यावर कष्टाची रेघसुद्धा उमटू द्यायची नसते.

या नृत्याच्या जागतिक स्पर्धा 1952 मध्ये सुरू झाल्या. आरंभीची सत्ता इंग्रजांची. 1952 पासून 1960 पर्यंत दर वर्षीचे विजेते ब्रिटनचेच होते. 1961 ची स्पर्धा झाली नाही. अमेरिकेचा सबंध संघ स्पर्धेला येत असताना बेल्जियममध्ये विमान कोसळून मृत्यू पावला, म्हणून ती रद्द करण्यात आली. पुढची चार वर्षे चेकोस्लोव्हाकियाच्या एका भावा-बहिणीच्या जोडीने जिंकली, आणि 1966 पासून 1969 पर्यंत पुन्हा ब्रिटनच्या डायान टाउलर व बर्नार्ड फोर्ड यांनी. इंग्रजांची पद्धत त्यांच्या नृत्यगृहांतून आलेली होती: ताठ पाठ, नेमके पाऊल, चोख शिस्त. सोव्हिएत रशियाला या प्रकारात तोवर एकही युरोपीय किंवा जागतिक विजेतेपद मिळालेले नव्हते. बॅलेचे माहेरघर म्हणविणारा तो देश बर्फावरच्या नृत्यात मात्र मागल्या बाकावर बसलेला होता.

ल्युदमिलाचा जन्म 31 डिसेंबर 1946 चा, मॉस्कोचा. विशीच्या आतच ती विक्तोर रिझ्किन या वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या खेळाडूबरोबर नाचू लागली, आणि 1964, 1965 व 1966 अशी सलग तीन वर्षे ही जोडी देशात पहिली आली. पुढचा रस्ता आखलेला होता. जोडीदार नावाजलेला होता, घरचे विजेतेपद हाती होते. कोणीही शहाण्या माणसाने तिला सांगितले असते, ‘आहे ते धरून ठेव.’

ल्युदमिलाने ते सोडले. 1966 मध्ये तिने अलेक्सांदर गोर्श्कोव या मुलाबरोबर नवी जोडी केली. तो तिच्याच वयाचा, तिच्याहून अवघे काही आठवडे मोठा. परंतु खेळात तिच्या कितीतरी मागे. देशातल्या आघाडीच्या खेळाडूंत त्याची गणनाही होत नव्हती. तीन वेळा राष्ट्रीय विजेती ठरलेली मुलगी, आणि तिचा जोडीदार हा! क्रीडावर्तुळात माना हलल्या. मुलगी आपले नुकसान करून घेते आहे, या मुलाला तिच्या बरोबरीला आणता आणता तिची उमेदीची वर्षे निघून जातील, असेच बहुतेकांचे मत पडले.

हे मत वेडेपणाचे नव्हते हे आपण मान्य केले पाहिजे. या नृत्यात एकटीच्या चांगलेपणाला किंमत नसते. पंच दोघांना मिळून गुण देतात. एक पाऊल सुरेख आणि दुसरे कच्चे असेल तर दिसते ते कच्चेच. मग ल्युदमिलाने त्याच्यात पाहिले तरी काय? नंतरची दहा वर्षे जी दिसली त्यांवरून आपण तर्क करू शकतो. गोर्श्कोव अंगाने सडपातळ, चालीने डौलदार, स्वभावाने शांत. ती मात्र वादळ. तिचा चेहरा, तिचे हात, तिची मान, सारे बोलत असे. तिच्यासारखीच दुसरी व्यक्ती शेजारी असती तर दोघांची झटापट झाली असती. तिला हवा होता तो वादळात स्थिर उभा राहणारा माणूस. शिवाय जो अजून पुरता घडलेला नाही, त्याच्याबरोबर नवी रीत घडविता येते. जुन्या वळणात मुरलेल्या माणसाला ते जड जाते.

या दोघांना तिसरी व्यक्ती भेटली ती त्यांची प्रशिक्षिका येलेना चायकोव्स्काया. ही बाई त्या वेळी अवघी सव्वीस वर्षांची. स्वतः 1957 मध्ये देशाची विजेती झालेली, आणि नंतर मॉस्कोच्या नाट्यकला संस्थेत नृत्यरचनेचे शिक्षण घेतलेली. ल्युदमिलानेही पुढे त्याच संस्थेत शिक्षण पुरे केले. एकोणीस वर्षांची दोन मुले आणि सव्वीस वर्षांची गुरू! अनुभवाच्या तागडीत या तिघांना घातले असते तर पारडे वरच राहिले असते. परंतु तिघांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. इंग्रजांसारखे नाचून इंग्रजांना हरविता येणार नाही. आपल्या देशाजवळ बॅले आहे, लोकनृत्ये आहेत, रंगभूमी आहे. ते सारे बर्फावर आणावयाचे. नृत्य हे नुसते पावलांचे प्रदर्शन असू नये, त्यात दोन माणसांमध्ये काहीतरी घडताना दिसावे.

आता निकाल पाहू. 1967 मध्ये ही जोडी प्रथमच बाहेरच्या स्पर्धांत उतरली. युरोपीय स्पर्धेत दहावी आली, जागतिक स्पर्धेत तेरावी. माना हलविणाऱ्यांना आणखी हवे तरी काय होते? 1968 मध्ये युरोपात पाचवी, जगात सहावी. 1969 मध्ये युरोपात तिसरी आणि जगात दुसरी. तेरावरून दोनवर, अवघ्या दोन वर्षांत! हे आकडे वाचायला सोपे आहेत. पण बर्फावर दुसऱ्या क्रमांकाचे पाऊल टाकण्यासाठी रोज तेच वळण शेकडो वेळा घालावे लागते, आणि आपल्या मागे असलेल्या जोडीदाराला त्याचे मागेपण जाणवू न देता पुढे आणावे लागते. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे, हे घरात चार माणसांना घेऊन चालणाऱ्या आपणा सर्वांना सांगायला नको.

1970 साली युरोपीय स्पर्धा त्यांच्याच देशात, लेनिनग्राडला होती. तिथे त्यांनी पहिले सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना येथे जागतिक स्पर्धा झाली. गाठ होती अमेरिकेच्या जुडी श्वोमायर व जेम्स स्लाडकी या उत्तम जोडीशी. नऊ पंचांपैकी पाचांनी सोव्हिएत जोडीला पहिले ठरविले, चौघांनी अमेरिकन जोडीला. एका पंचाचे मत फिरले असते तर सुवर्णपदकही फिरले असते. धावण्याच्या शर्यतीत फीत कोणी तोडली ते डोळ्यांना दिसते. इथे सौंदर्याला गुण द्यायचे असतात, आणि सौंदर्याविषयी दोन शहाण्यांचे एकमत होणे कठीण. त्यातून तो काळ अमेरिका आणि रशिया यांच्या शीतयुद्धाचा. पदक हे खेळाडूच्या गळ्यात पडत असले तरी अभिमान सरकारे मिरवीत. तेव्हा ल्युब्लियानाच्या निकालावर कुरबूर झाली असेल तर आश्चर्य नाही. परंतु त्या कुरबुरीला उत्तर देण्याचा एकच सभ्य मार्ग होता, तो म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा जिंकणे. 1971 मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे त्यांनी तेच केले. दरम्यान, 1970 मध्येच, ल्युदमिला आणि अलेक्सांदर यांचा विवाह झाला.

सगळेच दिवस चढते नसतात. 1972 च्या युरोपीय स्पर्धेत, स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे, पश्चिम जर्मनीच्या अँजेलिका आणि एरिक बुक या बहीण-भावांनी त्यांना मागे टाकले. जगज्जेत्यांनी दुसरे यावे हा मोठाच धक्का. विजेत्याला हार पचविणे नवशिक्यापेक्षा जड जाते, कारण त्याच्याजवळ गमावायला काहीतरी असते. त्यातून पुढची जागतिक स्पर्धा थोड्याच आठवड्यांवर, कॅनडातील कॅल्गरीला होती. दूर जाऊन त्यांनी त्याच बुक भावंडांना मागे टाकले आणि जागतिक पद राखले. 1973 मध्ये ब्राटिस्लाव्हा, 1974 मध्ये म्युनिक. अशी सलग पाच वर्षे ते जगात पहिले राहिले.

याच काळातली एक गोष्ट मला त्यांच्या पदकांहून मोठी वाटते. चायकोव्स्काया, ल्युदमिला आणि अलेक्सांदर या तिघांनी मिळून एक टँगो रचला आणि 1974 मध्ये तो प्रथम बर्फावर आला. ‘टँगो रोमँटिका’ हे त्याचे नाव. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला सक्तीच्या नृत्यांच्या यादीत घेतले. सक्तीचे नृत्य म्हणजे असे, की त्याची प्रत्येक पायरी, कोणत्या पायावर, कोणत्या कडेवर, किती मात्रांची, हे विणकामाच्या नमुन्यासारखे कागदावर उतरविलेले असते, आणि जगातल्या प्रत्येक जोडीला ते तसेच्या तसे करून दाखवावे लागते. म्हणजे या तिघांनी आपल्यापुरते विणलेले वस्त्र साऱ्या जगाचा नमुना झाले. 2010 मध्ये सक्तीच्या नृत्यांचा स्वतंत्र भाग स्पर्धेतून गेला, तरी हा टँगो गेला नाही. 2018-19 च्या हंगामात ज्येष्ठ गटातील सर्व जोड्यांना आपल्या पहिल्या नृत्यात त्यातलीच पावले घ्यावी लागली. रचून झाले त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी! पदक कपाटात राहते. नमुना मात्र हातोहात जातो.

आता 1975 साल. कोपनहेगनची युरोपीय स्पर्धा जिंकली, आणि त्यानंतर लगेच अलेक्सांदर गंभीर आजारी पडला. दुखणे फुप्फुसाचे निघाले. मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. ज्याचा श्वास हीच त्याची शिदोरी, त्याच्या फुप्फुसावर शस्त्र चालले. खेळणे तर दूरच, माणूस पुन्हा धडधाकट चालेल की नाही ही चिंता. तरीही काही आठवड्यांतच तो पुन्हा बर्फावर उभा राहिला. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे होती. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर. तिथली विरळ हवा निरोगी खेळाडूलाही धाप लावते. या स्पर्धेत त्यांनी भाग घेतला नाही. त्यांच्या जागी इरिना मोइसेयेवा आणि आंद्रेई मिनेन्कोव ही त्यांच्याच देशाची तरुण जोडी जगज्जेती झाली.

इथे क्षणभर थांबून विचार करावा असे मला वाटते. ल्युदमिलाचे वय तेव्हा अठ्ठावीस. पाच वेळा जगज्जेती. मागून तरुण जोडी पुढे आलेली. नवऱ्याची प्रकृती नाजूक. थांबायला याहून सबळ कारण कोणते? परंतु पुढच्याच वर्षी एक अशी गोष्ट होणार होती जी तोवर कधीच झाली नव्हती. फिगर स्केटिंग ऑलिंपिकमध्ये 1908 सालापासून होते, पण बर्फावरच्या नृत्याला तिथे पदकाचा मान नव्हता. ‘नाच तो, त्याला खेळ कसे म्हणावे?’ असे म्हणणारे पुष्कळ होते. 1976 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे, हा मान प्रथमच मिळणार होता. ज्या कलेसाठी आयुष्य वेचले तिला जगाच्या दरबारात पहिल्याने पाट मांडला जात असताना आपण बाहेर उभे राहायचे, हे तिला कसे मानवावे?

ते दोघे परत आले. जानेवारी 1976 मध्ये जिनीव्हाला युरोपीय सुवर्णपदक. फेब्रुवारीत इन्सब्रुकला ऑलिंपिकचे सुवर्णपदक. रौप्यपदक त्याच मोइसेयेवा व मिनेन्कोव यांना, कांस्यपदक अमेरिकेच्या कॉलीन ओकॉनर व जिम मिलन्स यांना. बर्फावरच्या नृत्याचे ऑलिंपिकमधले पहिले विजेते म्हणून या पतिपत्नींची नावे कायमची लिहिली गेली. मार्चमध्ये त्यांनी सहावे जागतिक विजेतेपद मिळविले, आणि तेही गोथेनबर्गला, जिथे चार वर्षांपूर्वी त्यांची हार झाली होती. मग त्यांनी स्पर्धांचा निरोप घेतला. बर्फावरच्या नृत्यात सहा जागतिक विजेतेपदे आजवर दुसऱ्या कोणत्याही जोडीला मिळालेली नाहीत.

कोणी म्हणेल, त्यांना सरकारचे पाठबळ होते. होते, आणि ते लपवायचे कारण नाही. बर्फाचे मैदान, प्रशिक्षिका, नृत्यशिक्षण, प्रवास, या कशाचीही चिंता त्यांना स्वतःच्या खिशातून करावी लागली नाही. नुसत्या जिद्दीवर माणूस जगज्जेता होतो हे सांगणे ऐकायला गोड वाटते, पण ते पुरे खरे नाही. मुलीच्या अंगात गुण असला तरी तिला जागा, वेळ आणि शिकविणारे माणूस लागते. हे ज्या समाजाने दिले तिथे ल्युदमिला झाली. मात्र हेही तितकेच खरे, की त्याच सोयी त्या देशातल्या इतरांनाही होत्या. आणि अलेक्सांदरला निवडायला कोणत्याही सरकारने तिला सांगितले नव्हते.

1977 मध्ये त्यांना मुलगी झाली. त्यानंतर ल्युदमिला प्रशिक्षिका म्हणून बर्फाच्या कडेला उभी राहिली. परंतु तिशी ओलांडून थोडीच वर्षे झाली आणि तिला कर्करोगाने गाठले. उपचार चालू असतानाही तिने शिकविणे सोडले नाही. तिच्या शिष्यांपैकी तात्याना ग्लाद्कोवा आणि इगोर श्पिलबांद ही जोडी 1983 मध्ये कुमार गटात जगज्जेती झाली. नताल्या अनेन्को आणि गेनरिख स्रेतेन्स्की हे तिचे शिष्य 1988 च्या ऑलिंपिकमध्ये चौथे आले. ते पाहायला ती राहिली नव्हती. 17 मे 1986 रोजी मॉस्कोत तिचे निधन झाले. वय एकोणचाळीस. 1988 मध्ये फिगर स्केटिंगच्या जागतिक कीर्तिमंदिरात तिचे आणि अलेक्सांदरचे नाव एकत्रच नोंदविण्यात आले.

तिचा शिष्य श्पिलबांद पुढे अमेरिकेत गेला आणि तिथे मोठा प्रशिक्षक झाला. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या नृत्याचे सुवर्णपदक कॅनडाच्या जोडीने आणि रौप्यपदक अमेरिकेच्या जोडीने मिळविले. या दोन्ही जोड्या श्पिलबांद आणि मरिना झुएवा यांच्या हाताखाली तयार झालेल्या होत्या. ज्या अमेरिकेच्या जोडीला ल्युदमिलाने 1970 मध्ये एका मताने हरविले, त्याच अमेरिकेत तिची विद्या तिच्या शिष्याच्या हातून पोहोचली. विद्येला सरहद्द नसते हे आपण नेहमी ऐकतो. हे त्याचे उदाहरण.

आणि ज्याच्याविषयी जाणत्यांनी माना हलविल्या होत्या तो मुलगा? अलेक्सांदर गोर्श्कोव पुढे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत वर्षानुवर्षे तांत्रिक जबाबदारीचे काम करीत होता. 2010 पासून तो रशियाच्या फिगर स्केटिंग महासंघाचा अध्यक्ष होता, आणि 17 नोव्हेंबर 2022 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. ल्युदमिलानंतर छत्तीस वर्षे तो जगला, आणि ती सगळी वर्षे त्याने त्याच बर्फाच्या सेवेत घालविली. एकोणीस वर्षांच्या मुलीने माणसाची पारख केली ती अशी होती.

भगिनींनो, आपल्यापैकी कोणी बर्फावर नाचायला जाणार नाही. परंतु आपल्या घरातली, शेजारची एखादी मुलगी उद्या चांगले चाललेले सोडून वेगळी वाट धरील, आणि जाणती माणसे माना हलवतील. त्या वेळी आपणही लगेच मान हलवायची, की पहिल्या वर्षी तेराव्या आलेल्या त्या मुलीला आणखी दोन वर्षे द्यायची, एवढेच आपल्या हाती असते. ल्युदमिलाला ती वर्षे मिळाली.